भिंगरीचा पान्हा

उत्तरेश्वर पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून आकाराम चौगल्याचा गोठा होता, आणि माझ्या आयुष्यातली निम्मी डोकेदुखी त्या भिंतीपलीकडून आली आहे. उरलेली निम्मी शाळेतून आली. मुलींच्या हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मुलींना एखादी गोष्ट तीनदा सांगितली की ती निदान परीक्षेपर्यंत तरी त्यांच्या डोक्यात राहायची. आकारामला तीनशे वेळा सांगितलेलं त्याच्या पटक्याच्या आतसुद्धा शिरलं नाही.

दिसायला माणूस भारदस्त. तालमीत वाढलेला, सहा फूट उंच, कुस्तीत कान मुडपून गड्डे झालेले, आणि मिशा अशा की दूध पिताना त्या आधी बाजूला सारायला लागायच्या. कुस्ती सुटल्यावर त्याने म्हैस पाळली. एकच, पण तिचं कौतुक असं की दहा म्हशी असलेल्या गवळ्याने लाजावं. तिचं नाव भिंगरी. ही भिंगरी गोठ्यातून रस्त्यावर यायला पंधरा मिनिटं लावायची, पण नाव भिंगरी. मी त्याला विचारलं होतं, हे नाव का? तर म्हणाला, लहानपणी पळायची. एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माणसाशी मी पुढे बारा वर्षं वाद घालत बसले, तेव्हा दोष कुणाचा हे तुम्हीच ठरवा.

सकाळचं दूध मी गोठ्यातूनच आणायचे. संध्याकाळी तो म्हैस घेऊन गंगावेशीत जायचा. गंगावेशीतली रीत अशी, की गवळी म्हशी रस्त्याकडेला आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट पेला हातात ठेवतात. तालमीतून घामाघूम होऊन आलेले पैलवान उभ्या उभ्या दोन-दोन पेले रिचवतात. पाणी घालायला जागाच नाही, म्हणून त्या दुधाला मान. तिथे झाडून सगळे गवळी स्वतः धारेला बसायचे. आकाराम मात्र दावं धरून उभा, आणि खाली चरवी घेऊन बसलेली त्याची बायको, चिमणाबाई. एवढा आडदांड गडी नुसता दोरी धरून उभा म्हणून त्याची चेष्टा व्हायची. पण इलाज नव्हता. भिंगरी चिमणाबाईशिवाय कुणालाच दूध देत नव्हती.

ते कसं झालं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भिंगरी पहिल्यांदा व्याली तेव्हा रेडकू मेलेलंच आलं. अशा वेळी गवळी रेडकाचं कातडं सोलून त्यात पेंढा भरतात आणि ते बुजगावणं म्हशीपुढे ठेवतात. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. आकाराम सुरीला धार लावायला बसला होता. चिमणाबाईने त्याला उठवलं. ही बाई अंगाने एवढीशी, बोलणं तर त्याहून कमी. तिने मेलेल्या रेडकाच्या अंगावरचा चिकट ओलावा दोन्ही हातांनी पुसून घेतला, स्वतःच्या दंडांना, मानेला, लुगड्याला फासला आणि भिंगरीच्या तोंडापुढे जाऊन बसली. भिंगरीने आधी फुसफुस केली. मग चाटायला लागली. अर्धा तास चाटत होती. चिमणाबाई उठून कासेपाशी गेली तेव्हा सडांतून आपोआप थेंब गळत होते.

मी डबा घेऊन दारात उभी होते आणि मला चक्क राग आला. बी.एस्सी.ला मी बेडकाच्या पायाला विजेचा झटका देऊन प्रतिक्षिप्त क्रिया बघितली होती, तिची आकृती काढून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. आणि ही सही न येणारी बाई कुणी न शिकवता त्याहून कितीतरी अवघड प्रयोग करून मोकळी झाली होती. वर मलाच विचारत होती, आज अर्धा लिटर देऊ का पाव?

त्या दिवसापासून आकारामचं एक टुमणं सुरू झालं. म्हशीची चिमणाबाईवर माया बसली. येईल त्या गिऱ्हाइकाला हेच सांगायचा. मी दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी राहवेना. म्हटलं, आकारामभाऊ, ही माया नव्हे. आणि गोठ्यातच शिकवायला सुरुवात केली. म्हैस हे मुळात दलदलीत कळपाने राहणारं जनावर. कळपात एका सुमाराला दहा-वीस रेडकं जन्मतात आणि सगळीच भुकेली. समजा एखादी म्हैस येईल त्याला पाजणारी निघाली. तिचं दूध शेजारणींच्या पोरांनी संपवलं, तिचं स्वतःचं उपाशी मेलं. तिचा उदारपणा तिच्याबरोबरच संपला, कारण तो पुढे न्यायला पोर उरलं नाही. दुसरी म्हैस आपल्या पोराचा वास घेऊन मगच पान्हा सोडणारी. तिचं रेडकू जगलं, वाढलं, त्याला पुढे तशाच चिकट पोरी झाल्या. हजारो पिढ्या अशा गेल्या. तुमच्या दावणीला उभी आहे ती त्या चिकट म्हशींची नात. ती ठरवून काही करत नाही. ओळखीचा वास नाकात गेला की मेंदूतून रक्तात एक द्रव सुटतो, मिनिटभरात कास आवळते आणि दूध खाली उतरतं. वास नाही तर पान्हा नाही. ती घाबरली तरी नाही. डोळ्यात धूळ गेली की पापणी मिटते, तेव्हा आपण पापणीला विचारतो का?

आकारामने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. मग म्हणाला, "व्हय बाई, बराबर हाय तुमचं. म्हंजे मायाच की."

मी डबा उचलून घरी आले. दूधही घ्यायचं विसरले, ते परत जाऊन आणावं लागलं.

पुढची बारा वर्षं हेच. भिंगरीची आणखी वेतं झाली, रेडकं आली आणि विकली गेली, पण धारेला तिला चिमणाबाईच लागायची, आणि आमचा वादही तोच. मी कोंबडीचं उदाहरण दिलं, जी अंड्यासारख्या गुळगुळीत दगडावरसुद्धा बसते. तो म्हणाला, बघा किती माया. मी कावळ्याचं दिलं. कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालते आणि तो मूर्खासारखा परक्या पिलाला भरवतो, कारण उघडी चोच दिसली की भरवायचं, एवढंच त्याच्या अंगात मुरलेलं आहे. तो फसला जातो. आकारामने यावर बराच विचार केला आणि विचारलं, फसला तरी भरवतोय न्हवं? चिमणाबाई शेण काढता काढता पदराआड हसायची. मला ते हसणं कुणाच्या बाजूचं आहे हे कधीच कळलं नाही, आणि विचारायचं राहूनच गेलं.

सत्त्याहत्तर सालच्या श्रावणात चिमणाबाईच्या पोटात दुखायला लागलं. तिने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी धारेवरून उठता येईना, तेव्हा आकारामने तिला उचलून टांग्यात घातली आणि दवाखान्यात नेली. ऑपरेशन करायचं ठरलं. आणि इकडे गोठ्यात भिंगरी.

पहिल्या दिवशी आकाराम स्वतः धारेला बसला. भिंतीपलीकडून मला आधी लाडीगोडी ऐकू आली, मग दम, मग शिव्या. मी गेले तर याने म्हशीचे पाय बांधलेले, आणि चरवीत तळ झाकेल एवढंच दूध. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बारा वर्षं काय सांगतेय मी? घाबरवलंत की आहे तेही दूध चढेल. चिमणाबाई धारेला बसताना जे लुगडं नेसायची, ते आणा. ते एक हिरवं लुगडं होतं, गोठ्यातच खुंटीला टांगलेलं असायचं, दूध-शेण-घामाने ताठ झालेलं. ते खांद्यावर टाका आणि बसा, एवढंच मी म्हणाले होते. खांद्यावर टाका. नेसा, असं मी म्हटलेलं नाही, हे पेठेतल्या सगळ्यांनी लक्षात घ्यावं, कारण पुढे माझ्यावर बराच आळ आला.

आकाराम कुठलंही काम अर्धं करणारा नव्हता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले, तर धोतरावर लुगड्याचा कासोटा मारून, डोक्यावर पदर घेऊन, पदराखालून मिशा बाहेर काढून हा पैलवान धारेला बसलेला. आणि चरवी भरत आलेली. मी हसले नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी तो तसाच गंगावेशीत गेला. मी म्हटलं होतं, तिकडे नका जाऊ, घरीच धार काढून घरोघर घाला. तर म्हणाला, गिऱ्हाईक तुटंल. लोकांनी मला नंतर सांगितलं, की लुगडं नेसलेला आकाराम भर रस्त्यातून म्हैस घेऊन आला, बसला, पेले भरून एकेकाच्या हातात दिले, आणि तो उठेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मात्र हसून हसून लोकांच्या पोटात गोळे आले. त्याच्या जुन्या तालमीतले लोक सगळ्यात जास्त हसले. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच गेला. वीस दिवस गेला. दवाखान्यात चिमणाबाईला हे कळलं तेव्हा टाके दुखेपर्यंत हसली म्हणे.

विसाव्या दिवशी ती गेली. ऑपरेशन उशिरा झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि उशीर तिनेच केला होता. मला फार वाईट वाटलं. बारा वर्षं रोज सकाळी जिचं तोंड बघत होते, त्या बाईशी मी दुधापलीकडे बारा वाक्यंसुद्धा बोलले नव्हते. नवऱ्याशी वाद घालण्यातच सगळा वेळ गेला.

दिवस करायला गडमुडशिंगीहून आकारामची थोरली बहीण तानाबाई आली. कामाला वाघीण. आल्या आल्या तिने घर ताब्यात घेतलं. बायकोचं लुगडं नेसून भाऊ धारेला बसतो, हे ऐकूनच तिच्या अंगाची लाही झाली होती. तेराव्याला सुतक फिटलं, आणि रिवाजाप्रमाणे घर सारवायचं, कपडे धुवायचे. तानाबाईने घरातला चिंधीचा तुकडासुद्धा सोडला नाही. सोडा घालून उकळला आणि पंचगंगेच्या घाटावर नेऊन आपटून आणला. खुंटीवरचं हिरवं लुगडं तर सगळ्यात आधी.

संध्याकाळी आकाराम ते स्वच्छ, कडक वाळलेलं लुगडं नेसून बसला. भिंगरीने त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मी तानाबाईला बोलायचं ते बोलले. तिचंही उत्तर तयार होतं, मेलेल्या माणसाचं कपडं न धुता ठेवायचं व्हय? तिचं काही चुकत होतं असंही नाही. वास हा काय टिकवून ठेवायचा जिन्नस आहे, हे कुणाच्या डोक्यात येणार? मग मी आकारामकडे वळले. म्हटलं, आठवा नीट. तिच्या वापरातलं, न धुतलेलं असं एखादं फडकं, चोळी, टॉवेल, काहीही राहिलंय का? तो खाली बघत म्हणाला, काय बी न्हाय. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

दोन दिवसांत भिंगरीची कास दगडासारखी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई टोचून एक वेळची धार काढून दिली आणि सांगितलं, असं रोज दोनदा टोचत बसता येणार नाही. हिला दुसऱ्या कुणाची तरी सवय लावा, नाही तर कास नासेल. तानाबाईने तिसराच मार्ग काढला. वडगावच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला. चार दिवसांनी तो न्यायला येणार होता. धार न देणारी म्हैस व्यापारी कुणाला विकतो हे पेठेत कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

आकाराम गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मी समोर उभी राहून त्याला झापत होते, की असं बसून काय होणार, काहीतरी करा. तो म्हणाला, "तिच्या हातची येवढी एकच उरलीया, बाई. ही बी गेली तर त्या घरात मी कुणापाशी बसू?"

मी तशीच घरी आले आणि माझ्याजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवर उगाचच चिडले.

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी सकाळी आकाराम आमच्या दारात उभा. बगलेत साखरेचं रिकामं पोतं, त्यात काहीतरी कोंबलेलं. गोठ्यात चला म्हणाला. तिथे त्याने पोत्यातून एक वाकळ काढली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून चिमणाबाईने हातांनी शिवलेली, ती रोज पांघरायची ती. तानाबाईने धुवायला मागितली तेव्हा याने दवाखान्यातच राहिली म्हणून थाप मारली होती आणि माळ्यावर कडब्यामागे लपवली होती.

मी भडकले. म्हटलं, ही होती तर मला न्हाय न्हाय का सांगत होता? ते मुकं जनावर चार दिवस कळा सोसतंय, आणि तुम्ही वाकळ लपवून बसलात? त्याने वाकळ छातीशी धरली होती, आणि मी हात पुढे केला तेव्हा त्याने ती किंचित मागे घेतली. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं ते कळलं. तो ती माळ्यावर ठेवत होता ते तानाबाई जागी असेपर्यंतच, रात्री ती त्याच्याच अंगावर असायची.

मला शरम वाटली. आणि शरम वाटली की मी जास्तच तोडून बोलते, तो माझा स्वभाव आहे. मी त्याला सरळ सांगितलं. भाऊ, नीट ऐका, मग ठरवा. ही वाकळ पुढे केली तर भिंगरी ती चाटणार. रोज दोनदा चाटणार. पंधरा-वीस दिवसांत तिच्यात म्हशीच्या लाळेशिवाय कसलाही वास उरणार नाही. म्हशीसाठी वापरली की ती तुमच्यासाठी संपली. दोन्ही होणार नाही.

त्याने विचारलं, अर्धी कापून ठिवली तर? मी म्हटलं, अर्धीचा वास लवकर उडेल, आणि हिला सवय लागायच्या आत उडाला तर दोन्हीकडून गेलं. त्याने वाकळीत एकदा तोंड खुपसलं, आणि ती भिंगरीच्या पुढ्यात गव्हाणीवर पसरली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. युक्ती साधी होती, वर्गात पाच मिनिटांत सांगायची. जनावराला नव्या खुणेची सवय लावायची तर आधी नवी खूण, आणि लगेच मागून जुनी. खूण रोज तीच, तशीच. हळूहळू जुनी कमी करत न्यायची. नवी खूण कोणती घ्यायची, इथपासूनच अडलं. मी म्हटलं, चिमणाबाई धार काढताना गुणगुणायची, तसं काहीतरी गुणगुणा. त्याने गुणगुणून दाखवलं, आणि भिंगरी दोन पावलं मागे सरली. शिट्टी मिशांमुळे येईना. शेवटी कंटाळून म्हटलं, तुम्हाला सगळ्यात चांगला कसला आवाज काढता येतो? त्याने मांडीवर शड्डू ठोकला. कुस्तीच्या आधी पैलवान ठोकतात तसा, खणखणीत. भिंगरीने नुसता कान हलवला. घाबरली नाही. हाच, म्हटलं.

आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ मी गोठ्यात उभी राहून ओरडते आहे, आधी शड्डू, मग वाकळ. आधी शड्डू. हा रोज आधी वाकळ पुढे करायचा. म्हणायचा, तिला बिचारीला आधी जरा वास घिऊ द्या की, मग दणका देऊ. मी म्हणायचे, मग तो दणका कशाचा सांगावा घेऊन येणार, तिला आधीच सगळं मिळालं तर? मान डोलवायचा, आणि संध्याकाळी पुन्हा आधी वाकळ. सहाव्या दिवशी त्याला क्रम जमला, तर नवीन खोड सुरू. वाकळ क्षणभर दाखवायची आणि झटकन काढून घ्यायची. भिंगरीने जीभ लावायच्या आत. दूध मध्येच थांबायचं. मी म्हटलं, वाचवताय का? तो म्हणाला, न्हाय, जरा आखडता हात. मी तिथेच शेणात बसायची बाकी होते. व्यापारी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तानाबाईला मी समजावलं, तिसऱ्यांदा ती मलाच म्हणाली की एवढी शिकलेली बाई म्हशीला शड्डू शिकवायला लागली, आता बोलायचं काय, आणि गडमुडशिंगीला निघून गेली.

वाकळीची घडी रोज लहान होत गेली. आधी पूर्ण, मग अर्धी, मग हातरुमालाएवढी. लाळेने ती काळी पडली, जागोजाग टाके उसवले. दहाव्या दिवशीच मी ती मुद्दाम हुंगून पाहिली होती. तिला फक्त गोठ्याचा वास येत होता. आकारामने हुंगली की नाही, मी विचारलं नाही.

बाविसाव्या दिवशी त्याने शड्डू ठोकला आणि वाकळ घ्यायला वळला, तर मी त्याला थांबवलं. कासेकडे बोट दाखवलं. चारी सडांतून थेंब गळत होते. चरवी काठोकाठ भरली, वाकळ पोत्यावर तशीच पडलेली.

त्या संध्याकाळी मी शाळेतून परस्पर गंगावेशीत गेले. आकाराम धोतर-पटक्यात, बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतः पुरुषासारखा धारेला बसायला आलेला. भर रस्त्यात त्याने असा शड्डू ठोकला, की पेले घेऊन उभे असलेले पैलवान कोण लढायला आलं म्हणून बघायला लागले. आणि भिंगरी पान्हावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा एक पेला प्यायले, जो मी एरवी उभ्याने कधी पीत नाही. बारा वर्षांचा वाद मी जिंकले होते, आणि तो जिंकल्याचं मला कुणालातरी सांगायचं होतं. गर्दी ओसरली तेव्हा मी आकारामजवळ गेले.

म्हटलं, "बघितलंत? महिन्याच्या आत विसरली ती. माया असती, तर विसरली असती का?"

आकाराम चरवी विसळत होता. त्याने हात थांबवला आणि प्रथमच माझं म्हणणं मान्य केलं. म्हणाला, व्हय बाई, तुमचंच खरं, ती माया न्हवती. मला वाटलं होतं तितका आनंद मला झाला नाही. मी जायला वळले.

"बाई," तो मागून म्हणाला, "म्हशीला इसरायला शिकीवलंसा. आता मला बी शिकवा की."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. टोमणा मारला असेल म्हणून मिशीखाली हसू शोधलं. तो हसत नव्हता. चरवी खाली ठेवून, हात धोतराला पुसून, वर्गात उभ्या राहिलेल्या मुलीसारखा उभा होता.

"आधी काय करायचं, मागनं काय करायचं, त्ये सांगा," तो म्हणाला. "ह्या टायमाला म्या चुकायचो न्हाय."

उत्तराची वाट बघत तो तसाच उभा राहिला. त्याला खरंच वाटत होतं, की मला ते येत असणार.